क्रूझच्या तिकिटाव्यतिरिक्त किती पैसे ठेवावेत? चौघांच्या चार रात्रींचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब: नवरा-बायको, १४ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. येत्या मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. कंपनी अमेरिकन, म्हणजे जहाजावरचं बिल डॉलरमध्ये. दोन केबिन घेतल्या आहेत. एजंट म्हणतो, जेवणखाण, शो, सगळं तिकिटात आलं. पण मावसभाऊ गेल्या वर्षी जाऊन आला आणि शेवटच्या दिवशी हातात पडलेल्या बिलाचा आकडा त्याने सांगितला, तेव्हापासून धास्ती बसली आहे. वर किती पैसे ठेवायचे आणि ते कशाकशाला लागतील?

आधी आकडा सांगते, मग तो कसा आला ते. डॉलर ९० रुपये धरला, तर चौघांसाठी लाखभर रुपये बाजूला ठेवा. त्यातले ६४-६५ हजार प्रत्यक्ष जहाजावर, सुमारे २० हजार बंदरांवर उतरल्यावर आणि १३-१४ हजार अडीअडचणीला. काटकसर केली तर यातले २५ हजार सहज वाचतील. न ठरवता गेलात तर दुप्पट व्हायला चार दिवस पुरतात.

मी १६ वर्षं मराठी ग्रुप घेऊन जहाजांवर जाते आहे. या काळात बिल हातात आल्यावर रडवेले झालेले लोक मी पुष्कळ पाहिले, आणि त्यातले बहुतेक उधळे नव्हते. घरी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी बोलणारी माणसं होती. चूक त्यांच्या स्वभावात नव्हती. जहाजावर पैसा दिसतच नाही, हे खरं कारण. बोर्डिंगच्या वेळी तुमचं क्रेडिट कार्ड खात्याला जोडतात आणि हातात एक प्लास्टिकचं कार्ड देतात. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. बारमध्ये, दुकानात, फोटोच्या काउंटरवर, मुलांच्या गेम झोनमध्ये तेच टेकवायचं. नोट मोडावी लागत नाही, रुपयात विचार करावा लागत नाही, आणि सुट्टीचा मूड असतो. म्हणून माझा आग्रह असा की खर्चाचा निर्णय जहाजावर घ्यायचाच नाही. तो नाशिकला, जेवणाच्या टेबलावर, चौघांनी बसून घ्यायचा. जहाजावर फक्त ठरलेलं पाळायचं.

बसायच्या आधी एजंटचं ‘सगळं’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तिकिटात असतं ते असं: केबिन, मुख्य डायनिंग रूममधलं जेवण, बुफे, साधा चहा-कॉफी, पाणी, नाश्त्याचे साधे ज्यूस, थिएटरमधले शो, स्विमिंग पूल, जिम आणि बहुतेक खेळ. हे खरोखर भरपूर आहे. वर एक रुपया न घालता चार दिवस आनंदात जातील एवढं आहे. नसतं ते असं: दारू, कोल्ड्रिंक, मशिनवरची खास कॉफी, बाटलीबंद पाणी, स्पेशालिटी रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, दवाखाना, धोबी. आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप.

ग्रॅच्युइटीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पक्का आकडा तोच आहे. अमेरिकन कंपन्या ती माणशी, दर दिवशी, आपोआप खात्यावर लावतात. रॉयल कॅरिबियनचा दर मी लिहिते आहे तेव्हा साध्या केबिनला १८.५० डॉलर आणि स्वीटला, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनला, २१ डॉलर आहे. नॉर्वेजियन ही कंपनी साध्या केबिनला २० डॉलर घेते. १४ वर्षांच्या मुलाचीही पूर्णच लागते. म्हणजे १८.५० गुणिले चार माणसं गुणिले चार रात्री, झाले २९६ डॉलर, रुपयात २६ हजार ६४०. मावसभावाला बसलेल्या धक्क्यातला मोठा भाग बहुधा हाच असेल. कुणी आधी सांगितलेलं नसतं आणि शेवटच्या दिवशी एकदम दिसतं.

आता एक सल्ला आपल्या लोकांत फार फिरतो: काउंटरवर जाऊन सांगितलं की ग्रॅच्युइटी काढून टाकतात. काही कंपन्यांत खरंच काढतात. कृपा करून हे करू नका. तिला आपण टीप म्हणत असलो, तरी जहाजावर काम करणाऱ्यांच्या कमाईचा तो मोठा हिस्सा असतो. तुमची केबिन आवरणारा, ताट उचलणारा, बुफेच्या मागे भांडी धुणारा, हे सगळे सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर घरापासून लांब असतात. त्यात आपली माणसंही खूप आहेत. गोव्यात तर घरटी कुणी ना कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, अशी गावं आहेत. मुंबई आणि कोकणातली मुलंही मला दर ट्रिपला भेटतात आणि आपल्या ग्रुपचा आवाज ऐकून मराठीत बोलायला येतात. हे २९६ डॉलर तिकिटाचाच भाग समजा. परवडत नसतील तर खालच्या दर्जाची केबिन घ्या, पण हे पैसे वजा करून हिशेब मांडू नका.

जमल्यास ग्रॅच्युइटी आताच, जहाज सुटण्याआधी भरून टाका. मधल्या काळात दर वाढला तरी सहसा तुम्हाला फरक द्यावा लागत नाही, आणि शेवटच्या दिवसाचं बिल तेवढंच हलकं होतं. भारतातल्या बऱ्याच टूर कंपन्या पॅकेजमध्येच ती धरतात. तेव्हा आधी व्हाउचर वाचा, नाहीतर दोनदा भराल.

दुसरा मोठा विषय पिण्याचा. इथे बहुतेक कुटुंबं पॅकेजच्या जाहिरातीला भुलतात.

तुम्ही लिहिलं आहे की घरात फक्त तुमचे यजमान घेतात, तेही संध्याकाळी दोन बिअर. दारूच्या पॅकेजची किंमत जहाज आणि तारीख बघून रोज बदलते. समजा दिवसाला ७० डॉलर निघाली. त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ८२.६० डॉलर. एक कॉकटेल १४ डॉलरचं, त्यावरही १८ टक्के, म्हणजे साडेसोळा. भागाकार केला तर रोज पाच कॉकटेल प्यायल्यावर पॅकेज जेमतेम वसूल होतं, सहाव्या ग्लासपासून फायदा सुरू. तेही रोज, चारही दिवस. आणि त्यातले दोन दिवस तुम्ही सहा-सात तास जहाजाच्या बाहेर असणार.

इतकंच असतं तर मी दोन ओळींत सोडून दिलं असतं. पण बऱ्याच कंपन्यांचा नियम असा आहे की एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं. एकाने घ्यायचं आणि सगळ्यांनी प्यायचं, हे थांबवण्यासाठी तो नियम आहे. माझ्या एका ग्रुपमध्ये एका काकांनी उत्साहात पॅकेज घेतलं आणि आयुष्यात थेंबही न घेतलेल्या काकूंच्या नावावरही तेवढेच पैसे पडले. काकू चार दिवस सकाळ-संध्याकाळ लिंबाचा मॉकटेल पीत बसल्या, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. मला फार वाईट वाटलं, कारण बुकिंगच्या वेळी मी ते विचारायला हवं होतं. तेव्हापासून कोण कुणाबरोबर एका केबिनमध्ये राहणार आणि कोण काय पिणार, हे दोन्ही प्रश्न मी एकाच फॉर्ममध्ये विचारते.

तुमच्या बाबतीत पॅकेज घेऊच नका. दोन बिअर, प्रत्येकी ९ डॉलर धरल्या आणि १८ टक्के मिळवले, तर आठ बिअरचे ८५ डॉलर होतात. पॅकेज दोघांच्या नावावर पडलं असतं तर ६६० डॉलर गेले असते. म्हणजे सुट्या बिअर घेऊन तुम्ही ५० हजारांहून जास्त रुपये वाचवता. या एका निर्णयापुढे बाकीची सगळी काटकसर किरकोळ आहे.

मुलाचा प्रश्न कोल्ड्रिंकचा. सर्व्हिस चार्ज धरून एक ग्लास किंवा कॅन पाच डॉलरच्या आसपास पडतो. बुफेवर लिंबू सरबत आणि आइस टी फुकट असतात, हे पहिल्याच दिवशी त्याला दाखवा. रोज दोन कॅन त्याचे, असं ठरवून ४० डॉलर धरा. त्याला तेवढ्यात भागवायला सांगा, १४ वर्षांची मुलं हे छान सांभाळतात.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. प्रवासात बाटलीचंच पाणी प्यायचं, ही आपली सवय भारतात बरोबर आहे. जहाजावरचं नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं आणि सगळे तेच पितात. रिकामी बाटली घरून न्या आणि बुफेवरच्या मशिनमधून भरून घ्या. सासूबाईंना घरचा चहा लागत असेल तर चहा मसाला आणि प्रीमिक्सची पाकिटं बॅगेत टाका, गरम पाणी बुफेवर कधीही मिळतं. केटल आणि इस्त्री नेऊ नका, बोर्डिंगला काढून घेतात. बंद पाकिटातला चिवडा, चकली, खाकरा चालतो, घरी शिजवलेलं अन्न नाही.

शाकाहारासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की बुफेवर डाळ, भात, पोळीसारखं काहीतरी असतंच. मुख्य डायनिंग रूममध्ये पहिल्या रात्री हेड वेटरला सांगा, दुसऱ्या दिवसापासून भारतीय शाकाहारी ताट करून देतात. जैन जेवण हवं असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये माणशी ५० ते ६० डॉलर आणि वर सर्व्हिस चार्ज. चौघांनी जायची गरज नाही. तुम्ही दोघांनी एक संध्याकाळ जावं, असं मला मनापासून वाटतं. सासूबाई आणि नातू शो बघतील, तुम्ही दोघं निवांत जेवा. त्यासाठी १३० डॉलर धरले आहेत. नको असेल तर ओळ खोडून टाका.

इंटरनेटचा विषय येतो तिथे काळजी घ्या. वायफाय एका फोनला दिवसाला २० ते ३० डॉलर पडतं. एका फोनचं घ्या आणि आळीपाळीने वापरा: एकाने लॉगआउट केलं की दुसऱ्याने लॉगिन करायचं. चार दिवसांचे १०० डॉलर. किंवा घेऊच नका. पेनांग आणि फुकेतमध्ये चालणारा रोमिंग पॅक किंवा ई-सिम घरून घेतलंत, तर दोन्ही बंदरांवर घरी फोन होतील. मधल्या समुद्रात ते चालणार नाही, आणि घाबरायचं कारण तिथेच आहे. जहाजावर उपग्रहावर चालणारं स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असतं. फोन एअरप्लेन मोडवर नसेल तर तो आपणहून त्याला जोडला जातो. तुमचा मलेशिया-थायलंडचा पॅक त्याला लागू नसतो, त्याचे दर वेगळे आणि भयंकर असतात. बंदर सुटलं की चारही फोन एअरप्लेन मोडवर टाका, सासूबाईंचा तुम्ही स्वतः बघा.

बंदरांबद्दल थोडा विचार केला तर बराच पैसा वाचतो. पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरलं की जुनं शहर समोरच. २००८ साली युनेस्कोने मलाक्कासोबत ज्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो हाच भाग. किल्ला, वसाहतकाळातल्या इमारती, भिंतींवरची चित्रं, चिनी कुलांची मंदिरं, लिटल इंडिया, सगळं चालत होतं. लिटल इंडियात केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळतं, सासूबाई खूश होतील. लांब जायचं झालं तर ॲपवरून बोलवायची ग्रॅब टॅक्सी स्वस्त आहे. जहाजाची माणशी ५०-६० डॉलरची सहल इथे घेणं मला पटत नाही. चौघांना मिळून ६० डॉलरमध्ये दिवस मजेत जातो.

फुकेत वेगळं आहे. तिथे मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. बोटीसाठी रांग लागते, वेळ जातो, आणि किनाऱ्यावरचे टुकटुकवाले घासाघीस केल्याशिवाय योग्य भाव सांगत नाहीत. चौघांना मिळून अर्ध्या दिवसाची गाडी केलीत, ‘वाट चलाँग’ हे बौद्ध मंदिर आणि एखादा समुद्रकिनारा पाहिलात, तर १६० डॉलरच्या आत सगळं बसावं. बेटांवर जाणारी स्पीडबोटची सहल सासूबाईंना झेपणार नाही, पाठीला फार हिसके बसतात. मुलाचा फारच हट्ट असेल तर त्याने आणि बाबांनी जहाजाचीच सहल घ्यावी. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज त्यांच्यासाठी थांबतं, तुम्ही स्वतः केलेल्या गाडीसाठी नाही थांबत. स्वतः फिरणार असाल तर शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी परत धक्क्यावर असायचं. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, तेही तपासा. जहाज सुटलं तर पुढच्या बंदराचं विमानतिकीट आणि हॉटेल तुमच्या खिशातून, आणि तो खर्च कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही.

बाकीचं भराभर सांगते. फोटोग्राफर जेवताना, जिन्यावर, बोर्डिंगला सगळीकडे फोटो काढतील, ते फुकट असतं. विकत घेताना एका फोटोचे २० डॉलरच्या वर. चौघांचा एक चांगला घ्या, २५ डॉलर धरलेत, तो घरात वर्षानुवर्षं राहतो. स्पा घ्यायचाच असेल तर बंदराच्या दिवशी सवलत असते. मसाज संपल्यावर तेलं आणि क्रीम विकायला लागतील, ‘नाही’ असं स्पष्ट सांगा, त्यांना वाईट वाटत नाही. दुकानांतला शेवटच्या दिवसाचा सेल दिसायला मोठा असतो, पण घड्याळं आणि अत्तरं घ्यायला भाव आधी भारतात बघून या. कॅसिनोबद्दल मी एवढंच सांगेन की जायचं असेल तर ठरवलेली रक्कम रोख घेऊन जा आणि जहाजाचं कार्ड केबिनमध्ये ठेवा. त्या कार्डावरून पैसे काढले तर वर फीही कापतात.

मुलाच्या कार्डावर खर्च करायची सोय बंद करता येते किंवा मर्यादा घालता येते. पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन हे करून घ्या. गेम झोनमध्ये प्रत्येक खेळाला कार्ड टेकवायचं असतं आणि तासाभरात किती गेले ते मुलाला कळत नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. ४० डॉलरची मर्यादा घाला आणि त्याला आधी सांगा. टीनएज क्लब फुकट असतो आणि तिथे मित्र मिळाले की गेम झोनची आठवणही येत नाही.

आता खात्याला कोणतं कार्ड जोडायचं. क्रेडिट कार्डच, डेबिट कार्ड नाही. हे मी स्वतः पैसे अडकवून शिकले. पहिल्या एका ट्रिपला मी डेबिट कार्ड दिलं. जहाज रोजच्या खर्चाचा अंदाज बांधून कार्डावर रक्कम राखून ठेवतं. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते, डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात. प्रत्यक्ष बिल वेगळं कापलं गेलं आणि राखीव रक्कम सुटायला तीन आठवडे लागले. त्या काळात घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला. फॉरेक्स कार्डाचंही (आधी परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड) तसंच होतं, म्हणून ते बंदरांवर वापरा, जहाजाच्या खात्याला जोडू नका.

क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. तुमच्या जहाजावरच्या खर्चावर हे अडीच-पावणेतीन हजार रुपये होतील. कमी मार्कअपचं कार्ड घरात कुणाचं असेल तर ते न्या. बिल रुपयात हवं की डॉलरमध्ये असं कुणी विचारलं तर डॉलर सांगा. रुपयात घेतलं तर बदलाचा दर ते ठरवतात, आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महाग असतो. काही जहाजांवर न विचारता रुपयात बदल होतो, म्हणून पहिल्या दिवशी काउंटरवर विचारून ठेवा.

सासूबाईंसाठी प्रवास विमा घ्याच, आणि त्यात क्रूझ धरलेली आहे का ते एजंटकडून लेखी घ्या. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, पण नुसत्या तपासणीचेही शंभर-दीडशे डॉलर होऊ शकतात, आणि ते थेट खात्यावर पडतात. विमा कंपनी नंतर परत देते, आधी तुम्हालाच भरावं लागतं. मी अडीअडचणीला धरलेले १५० डॉलर मुख्यतः यासाठीच. त्यांची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा. बोट लागण्यावरची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घरूनच न्या.

आता बेरीज. ग्रॅच्युइटी २९६, बिअर ८५, कोल्ड्रिंक ४०, वायफाय १००, दोघांचं एक जेवण १३०, फोटो २५, गेम झोन ४०. जहाजावरचे झाले ७१६ डॉलर, म्हणजे ६४ हजार ४४० रुपये. पेनांग ६० आणि फुकेत १६०, मिळून २२० डॉलर, १९ हजार ८०० रुपये. राखीव १५० डॉलर, १३ हजार ५०० रुपये. एकूण ९७ हजार ७४०, त्यावर कार्डाचा मार्कअप. म्हणून लाख म्हटलं. वायफाय, स्पेशालिटी जेवण आणि फोटो काढून टाकलेत तर २३ हजार तिथेच कमी होतात आणि सुट्टीत फारसं काही उणं राहत नाही.

या लाखातलं जेवढं आधी भरता येईल तेवढं आधी भरा. ग्रॅच्युइटी, वायफाय, जेवण हे सगळं कंपनीच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर आधी घेता येतं आणि जहाजावरच्या भावापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. भाव वरखाली होत असतो. ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करून पैसे परत मिळतात, तेव्हा आज घेतलेलं पुढच्या महिन्यात स्वस्त दिसलं तर जुनं रद्द करून नवं घ्या. यात मला आवडणारी गोष्ट अशी की खर्च तीन-चार पगारांत वाटला जातो. मे महिन्यात जहाजावर चढताना निम्म्याहून जास्त पैसे दिलेले असतात आणि मन मोकळं असतं. एजंटने किंवा कंपनीने ‘ऑनबोर्ड क्रेडिट’, म्हणजे जहाजावर खर्च करायला खात्यात टाकलेली रक्कम, दिलं असेल तर ते परत मिळणारं आहे की नाही ते विचारा. बहुतेकदा नसतं, मग ते शेवटच्या रात्रीआधी वापरून टाका.

मग उरतं फक्त रोजचं लक्ष ठेवणं. रात्री झोपण्याआधी ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खातं उघडा, दिवसभरात काय पडलं ते बघा आणि वहीत लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, ते मुलाकडे सोपवा. न घेतलेलं पेय, मिनीबारमधली न उघडलेली बाटली, शेजारच्या केबिनचं काहीतरी, अशा चुका होतात. त्याच रात्री काउंटरवर गेलात तर पाच मिनिटांत दुरुस्त करतात. शेवटच्या सकाळी तिथे इतकी रांग असते की लोक कंटाळून तसंच बिल भरून उतरतात.

जाता जाता, हे ज्यांना आधी छोट्या प्रमाणावर करून बघायचं आहे त्यांच्यासाठी. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१ पासून सुटतं. गोव्याची दोन-तीन रात्रींची फेरी असते आणि डॉलरचा व मार्कअपचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत मुलांकडे जाऊन न्यू जर्सीच्या बेयॉनहून किंवा फ्लोरिडातून क्रूझ करणाऱ्या आजी-आजोबांना एवढंच सांगते की खात्याला मुलांचं अमेरिकन कार्ड जोडा आणि हिशेब घरी आल्यावर आपसात करा, मार्कअप वाचतो.

तुम्ही मात्र उद्याच एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा. ग्रॅच्युइटी आमच्या पैशांत धरली आहे का? विम्यात क्रूझ आणि सासूबाईंचे आधीचे आजार धरले आहेत का? आणि दोन केबिनमध्ये कुणाची नावं कशी टाकली आहेत? तिसऱ्याचं उत्तर ‘तुम्ही दोघं एका केबिनमध्ये, आजी आणि नातू शेजारच्या’ असंच यायला हवं. अजून बदलता येतं, आणि मधलं दार उघडणाऱ्या जोडकेबिन शिल्लक असतील तर त्या मागा, रात्री सासूबाईंना काही लागलं तर तुम्ही दोन पावलांवर असाल.